ईआरपीनेक्स्टवर चालणारी छोटी कंपनी: इम्प्लिमेंटेशनच्या पलीकडे नियमित उत्पन्न कसं वाढवायचं?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमची चार जणांची कंपनी आहे. ईआरपीनेक्स्ट (स्टॉक, खरेदी, हिशेब सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) बसवून देणं, कस्टमायझेशन आणि नंतरचा सपोर्ट, एवढंच काम. वागळे, रबाळे, महापे मिळून १४ क्लायंट. बहुतेक इंजिनिअरिंग आणि पॅकेजिंगवाले, प्रत्येकी ६ ते १५ युजर. इम्प्लिमेंटेशनचे सरासरी २ लाख घेतो. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल करार, त्याच्या १५ टक्के, म्हणजे वर्षाला ३० हजार, सर्व्हरसकट. तीही पाचच जण भरतात. बाकीचे नऊ व्हॉट्सअ‍ॅपवर विचारत राहतात आणि आम्ही उत्तरं देत राहतो. पगार, भाडं, सर्व्हर धरून महिन्याचा खर्च ३ लाखांच्या आसपास. नवीन ऑर्डर आली नाही की त्या महिन्याला हात आखडतो.

तीन प्रश्न आहेत.

‘सॉफ्टवेअर तर फुकट आहे, मग पैसे कसले?’ असं मालक कोटेशन हातात घेऊनच विचारतात. याला काय उत्तर द्यायचं?

जॉबवर्कसाठी, म्हणजे माल प्रक्रियेला बाहेर दुसऱ्याकडे पाठवण्याच्या हिशेबासाठी, आम्ही बरंच काम केलंय. त्याचं वेगळं अ‍ॅप करून, कोड बंद ठेवून विकावं का? ईआरपीनेक्स्टचं ओपन सोर्स लायसन्स, जीपीएल, आड येईल का?

एएमसी युजरमागे लावावी की सरसकट?

आकड्यांत उत्तर दिलंत तर फार उपयोग होईल.

सानपाडा७०५

आधी तासाचा भाव काढा. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे.

चार जणांपैकी कोडिंग आणि सपोर्ट करणारे तीन धरू. तिघांचे मिळून महिन्याला साधारण ४८० तास. त्यातले बिल लावता येतील असे फार तर ६० टक्के, कारण बाकीचे डेमो, कोटेशन, प्रवास, सुट्ट्या आणि नवीन व्हर्जन शिकण्यात जातात. म्हणजे २८८ तास. ३ लाख भागिले २८८, तासाला साधारण १,०४० रुपये. हा नुसता खर्च झाला. बिलातले ३० टक्के पदरात पडायला हवे असतील तर याला ०.७ ने भागा, म्हणजे तासाचा भाव १,५००.

आता तुमची ३० हजारांची एएमसी बघा. महिन्याला झाले २,५००. सर्व्हर, बॅकअपची जागा आणि ईमेल मिळून २,००० गेले तर उरले ५००. म्हणजे तुमच्या माणसाची वीस मिनिटं. एक फोन आला की संपली. त्यामुळे जे पाच जण भरतात त्यांच्याकडूनही तुम्हाला काही मिळत नाहीये.

हा १५ टक्क्यांचा आकडा लायसन्सच्या धंद्यातून आलाय. तिथे एकच कोड हजारो गिऱ्हाइकांकडे जातो, एक बग सुधारला की सगळ्यांचा सुधारतो, म्हणून त्यांना तो परवडतो. तुमच्याकडे गिऱ्हाइकं १४ आणि प्रत्येकाचं कस्टमायझेशन निराळं. इम्प्लिमेंटेशनच्या रकमेशी एएमसीचा संबंधच लावू नका. वर्षभरात काय काय करावं लागणार आहे, त्यावरून ती काढा:

महिन्याला सरासरी ४ तास सपोर्ट, वर्षाचे ४८ तास, १,५०० ने ७२,०००.
सर्व्हर, बॅकअप, ईमेल: २४,०००.
वर्षातून एकदा व्हर्जन अपग्रेड, टेस्टिंगसकट १६ तास: २४,०००.

एकूण १,२०,०००. अधिक जीएसटी. १४ जणांकडून हे आले तर १६,८०,००० होतात आणि तुमचा वर्षाचा खर्च आहे ३६ लाख. म्हणजे नवीन ऑर्डर आली नाही तरी निम्म्याच्या जवळपास खर्च आधीच निघालेला असेल. सगळे चौदा येणार नाहीत हे गृहीत धरा. दहा आले तरी १२ लाख होतात, आजच्या दीड लाखाच्या आठपट.

करारात कामाचे तीन प्रकार लिहा: बग, शंका, बदल. बग म्हणजे आपण जे लिहून दिलं होतं तसं चालत नाही. तो वर्षाच्या ४८ सपोर्ट तासांत मोजायचा नाही, ते आपलं काम. शंका म्हणजे कसं करायचं हे विचारणं, ती त्या ४८ तासांत मोजायची. बदल म्हणजे नवीन रिपोर्ट, नवीन फील्ड, प्रिंट फॉरमॅटमधला फरक. तो कायम वेगळा, काम सुरू करण्याआधी ईमेलवर होकार घेऊन. छोट्या कंपन्यांचे सगळ्यात जास्त तास या तिसऱ्या प्रकारात जातात, कारण ‘बिलावर एक ओळ वाढवा ना’ असं म्हटलं की ते कुणालाच काम वाटत नाही.

युजरमागे पैसे लावू नका. तसं केलं की मालक युजर वाचवायला बघतो, स्टोअरमधली तीन माणसं एकाच लॉगिनवर काम करतात, आणि मटेरियल रिसीट कुणी रद्द केली हे कधीच कळत नाही. त्यापेक्षा १० युजरपर्यंत एक भाव, ११ ते २५ ला दुसरा, आणि दुसरी कंपनी किंवा दुसरा प्लँट जोडला की वेगळा.

‘फुकट आहे ना’ याचं उत्तर कोटेशनमध्येच लिहा. पहिली ओळ: लायसन्स शून्य, युजर कितीही वाढले तरी शून्यच. त्याखाली कामाच्या ओळी तासांसकट: डेटा आणणं, ट्रेनिंग, प्रिंट फॉरमॅट, पहिल्या महिन्याची जागेवरची मदत. मालकाला तास दिसले की चर्चा तासांवर येते. रेड हॅटचा कोड उघडाच होता, तरी आयबीएमने २०१९ मध्ये ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. गिऱ्हाइकं पैसे देत होती ते अपडेट वेळेवर मिळण्याचे आणि अडचणीला फोन उचलला जाण्याचे.

ऐरोली_सेक्टर८

लायसन्सचं मी सांगते, कारण यात दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे आणि ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ खाली. तुमचं अ‍ॅप फक्त फ्रॅपेवर उभं असेल, ईआरपीनेक्स्टचं काही वापरत नसेल, तर ते बंद ठेवता येतं. पण जॉबवर्कचं अ‍ॅप स्टॉक एंट्री आणि परचेस ऑर्डरला हात लावणार, ईआरपीनेक्स्टचे क्लास घेऊन त्यात बदल करणार. असं अ‍ॅप जीपीएलचंच आहे असं धरून चाला.

जीपीएल पैसे घ्यायला मनाई करत नाही. ज्याला प्रत दिली त्याला सोर्स द्यायचा आणि पुढे बदलायचा, वाटायचा हक्क द्यायचा, एवढंच. सगळ्या जगासाठी गिटहबवर टाकायची सक्ती नाही. तुमच्या सर्व्हरवर चालवून क्लायंटला फक्त लॉगिन दिलंत तर जीपीएल ३ च्या हिशेबाने तुम्ही प्रत दिलेलीच नाही. क्लायंटच्या ऑफिसातल्या मशीनवर बसवलंत तर दिली. एजीपीएल या जीपीएलच्याच कडक प्रकारात मात्र १३ वं कलम आहे: सुधारलेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे. त्यामुळे एखादी लायब्ररी घेताना आधी तिची लायसन्स फाइल उघडून बघा.

पण मुद्दा असा की कोड बंद ठेवून तुम्ही कुणापासून काय वाचवणार? ज्यांनी लायसन्स घट्ट केलं, मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये, रेडिसने २०२४ मध्ये, त्यातल्या बहुतेकांना मोठ्या क्लाउड कंपन्या आपलाच माल होस्ट करून विकतायत ही धास्ती होती. त्यांच्यातही जुन्या उघड्या कोडवरून इलॅस्टिकपाठी ओपनसर्च उभं राहिलं, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मपाठी ओपनटोफू, रेडिसपाठी व्हॅल्की. इलॅस्टिक आणि रेडिस पुढे एजीपीएलचा पर्याय घेऊन परतही आले. महाप्यातला तुमचा क्लायंट तुमचा कोड घेऊन दुसरा धंदा काढणार नाही. त्याला तो कोड वाचताही येत नाही. उलट ‘उद्या आम्ही नसलो तरी तुमचा कोड आणि डेटा तुमच्या हातात आहे’ हे वाक्य तुम्ही खरेपणाने लिहून देऊ शकता, आणि बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्याला ते देता येत नाही. ते कोटेशनच्या पहिल्या पानावर घ्या.

दोन गोष्टी मात्र आत्ताच नीट करून ठेवा. फ्रीलान्सरकडून कोड लिहून घेतला असेल तर त्याच्याकडून लेखी असाइनमेंट घ्या, म्हणजे कॉपीराइट कंपनीच्या नावावर करून घ्या. नोकराने नोकरीत लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, फ्रीलान्सरचं तसं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा. दुसरं, अ‍ॅपच्या नावात ईआरपीनेक्स्ट घालू नका. कोडचं लायसन्स मिळालं म्हणजे ट्रेडमार्क मिळत नाही.

कोलशेतकर

दोघांचे आभार. तासाचं गणित आम्ही कधी असं मांडलंच नव्हतं. जॉबवर्कबद्दल जरा विचारतो: कोड उघडा ठेवायचा तर विकायचं नक्की काय?

रबाळे_टीटीसी

जॉबवर्क हा फार चांगला धागा धरलाय तुम्ही. वागळे आणि टीटीसीत (रबाळे, महापे इकडचा औद्योगिक पट्टा) क्वचितच एखादं युनिट असेल जे प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग किंवा पावडर कोटिंगला माल बाहेर पाठवत नाही. आणि तो हिशेब जवळपास सगळीकडे चलनबुकात आणि स्टोअरवाल्याच्या डोक्यात असतो.

कायदा काय म्हणतो ते आधी, कारण विक्री त्यावरच होते. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत यायला हवा, भांडवली माल ३ वर्षांत. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर, टूल यांना ही मुदत लागू नाही. मुदतीत परत आला नाही तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात, म्हणजे कर आणि त्यावर मागच्या तारखेपासून व्याज. जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा आयटीसी-०४ फॉर्म उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, खाली असेल तर वार्षिक. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल गेला तर रक्कम कितीही असो, ई-वे बिल लागतं. सिल्व्हासा किंवा वापीला पाठवणारे इथे हमखास अडकतात.

ईआरपीनेक्स्टमध्ये व्हर्जन १४ पासून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट वेगळे आहेत, तेव्हा पाया तयार आहे. बिघडतं ते वजनावर. समजा १०० किलो एमएस बार टर्निंगला गेला. परत आले ८०० पीस, प्रत्येकी ८० ग्रॅम, म्हणजे ६४ किलो. ३३ किलो टर्निंग स्क्रॅप निघाला आणि तो जॉबवर्करकडेच राहिला. ३ किलो घट. आता सिस्टिममध्ये गेलं किलोत आणि आलं नगात. युनिट कन्व्हर्जन आयटमवर नीट भरलेलं नसेल तर जॉबवर्करच्या गोदामात १०० किलो तसेच दिसत राहतात, किंवा स्टोअरवाला महिनाअखेरीला हाताने स्टॉक रिकन्सिलिएशन टाकून सगळं जुळवून मोकळा होतो. मग आयटीसी-०४ भरायला घेतला की एकही चलन जुळत नाही.

म्हणून विकायचं ते हे:

बीओएममध्ये (एका नगाला किती माल लागतो ती यादी) घट आणि स्क्रॅप वेगळे दाखवणारी मांडणी. प्रत्येक जॉबवर्करचं वेगळं गोदाम. चलनाचा प्रिंट फॉरमॅट, तीन प्रतींचा. वर्ष भरायला ६० दिवस उरले आणि माल आला नाही अशा चलनांची यादी, दर सोमवारी सकाळी मालकाच्या आणि अकाउंटंटच्या ईमेलवर. आयटीसी-०४ साठी तयार शीट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सध्या बाहेर असलेल्या मालाची सुरुवातीची मोजणी, जॉबवर्करच्या सहीनिशी. ही मोजणी टाळली की पुढचं सगळं पाण्यात.

याची ठरावीक किंमत लावा. कामाचे तास मोजले तर मोजणी आणि ट्रेनिंग धरून साधारण ४० होतात, १,५०० ने ६०,०००. दुसऱ्या, तिसऱ्या क्लायंटला तेच काम २५ तासांत होईल, पण किंमत ६०,००० च ठेवा. उत्पन्न वाढतं ते इथे, एकच काम पुन्हा पुन्हा कमी तासांत करण्यात. चौदा क्लायंट चौदा निरनिराळ्या धंद्यांतले घेतलेत तर हे कधीच होणार नाही.

कोडबद्दल एक. जे सगळ्यांना लागू आहे ते मूळ प्रोजेक्टला पाठवा. पॅच स्वीकारला गेला की पुढच्या अपग्रेडला तो सांभाळायचं काम तुमच्यावर राहत नाही. जे क्लायंटपुरतं आहे ते त्याच्या कस्टम अ‍ॅपमध्ये, हुक्स आणि फिक्श्चर्स (मूळ कोडला हात न लावता बदल जोडायच्या फ्रॅपेच्या सोयी) वापरून. ईआरपीनेक्स्टच्या मूळ फाइलमध्ये एक ओळही बदलू नका. बदललीत तर पुढचं बेंच अपडेट (बेंच म्हणजे फ्रॅपेची सर्व्हरवरची मांडणी) एक तर अडतं, नाहीतर तुमचा बदल पुसून टाकतं. मग सोळा तासांचं अपग्रेड साठ तासांवर जातं, आणि वर मांडलेलं एएमसीचं गणित तिथेच कोसळतं.

खारीगाव

किमतीबद्दल वरच्यांशी माझं पूर्ण जुळत नाही. ६ युजरच्या युनिटला वर्षाचे १,२०,००० नाही झेपत. त्यांच्यासाठी खालचा एक टप्पा हवा: महिन्याला एकच तास, अपग्रेड दोन वर्षांतून एकदा, सर्व्हर सामायिक. १८,००० सपोर्ट, १२,००० अपग्रेडचा वाटा, १२,००० सर्व्हर, वर्षाला ४२,०००. यातही तासाचा भाव तोच राहतो, आपण फक्त तास कमी विकतो. सूट देऊन मोठा टप्पा स्वस्त करण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

सर्व्हर सामायिक करताना एवढं लक्षात ठेवा: एका बेंचवरच्या सगळ्या साइट, म्हणजे प्रत्येक क्लायंटचं ईआरपीनेक्स्ट, एकाच कोडवर चालतात. एकाला अपग्रेड हवं आणि दुसऱ्याची टेस्टिंग झालेली नाही, असं झालं की दोघेही अडकतात. कमीत कमी दोन बेंच ठेवा, एक जुन्या व्हर्जनवर, एक नव्या. अपग्रेडला साइट एकीकडून दुसरीकडे हलवायची. ४ जीबी रॅमच्या मशीनवर पाच-सहा साइट कोंबल्या की महिनाअखेरीला, सगळे एकदम जीएसटीचे रिपोर्ट काढतात तेव्हा, मारियाडीबी हा डेटाबेस मान टाकतो.

बॅकअपबद्दल: फ्रॅपे मुळात त्याच डिस्कवर बॅकअप ठेवतो. डिस्क भरण्याचं एक नेहमीचं कारण हेच, आणि चालू ठेवले असतील तर मारियाडीबीचे बायनरी लॉग. बॅकअप रोज दुसऱ्या ठिकाणी जायला हवा, आणि त्यासोबत साइट कॉन्फिगमधली एन्क्रिप्शन की. ती हरवली तर डेटा परत येतो, पण ईमेल खात्यांचे आणि ई-इनव्हॉइसच्या एपीआयचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, सगळे पुन्हा भरावे लागतात. दर तिमाहीला प्रत्येक क्लायंटचा एक बॅकअप रिकाम्या मशीनवर चढवून बघा आणि तारखेसकट त्याचा एक पानी रिपोर्ट पाठवा. कामाला एक तास लागतो, पण एएमसी कशासाठी भरतोय हे मालकाला त्या पानावर दिसतं.

सर्व्हर चालू राहण्याची हमी देताना महिन्याला ९९.५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. त्यात ३ तास ३६ मिनिटं बंद राहायला वाव असतो. ९९.९ लिहिलंत तर ४३ मिनिटं. चार जणांच्या कंपनीत रात्री दोनला ते कुणीही पाळू शकत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि हल्ल्यासारखी घटना ६ तासांत कळवायची असते. त्या लॉगची डिस्कवरची जागा सर्व्हरच्या किमतीत आधीच धरा.

नौपाडा_लेखा

वसुलीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. उत्पन्न वाढवायचं म्हणजे आधी केलेल्या कामाचे पैसे हातात यायला हवेत.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर आजच करा. फुकट आहे, ऑनलाइन होते. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर आणि करारावर छापा. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तुम्ही ते व्याज मागणार नाही, हे क्लायंटलाही माहीत असतं. पण आयकरात ४३बी(एच) नावाने ओळखली जाणारी तरतूद आली तेव्हापासून मुदतीत न दिलेली रक्कम क्लायंटला त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, दिली त्या वर्षी धरता येते. हे मालकाला नव्हे, त्याच्या सीएला ईमेलने कळवा. मार्चमध्ये तो सीएच तुमच्या बिलाचा पाठपुरावा करेल.

एएमसी तिमाही घ्या आणि आगाऊ घ्या. आधी प्रोफॉर्मा पाठवा, पैसे आले की टॅक्स इनव्हॉइस. मात्र करारात देय तारीख लिहिलेली असेल तर त्या तारखेपर्यंत इनव्हॉइस काढावंच लागतं, म्हणून ती तारीख विचार करून घाला. इनव्हॉइस काढून पैसे चार महिने अडकले तर १८ टक्के जीएसटी तुम्ही खिशातून भरून बसता.

टीडीएस बघा. तांत्रिक सेवेवर २ टक्के कापायला हवेत, पण बरेच अकाउंटंट प्रोफेशनल फी धरून १० कापतात. १,२०,००० वर हा फरक ९,६०० चा. परतावा मिळतो, पण वर्षाने. बिलावर ‘तांत्रिक सेवा, सॉफ्टवेअर सपोर्ट’ असं स्पष्ट लिहा आणि पहिल्याच बिलाला विचारून घ्या.

क्लायंट उत्पादक असेल आणि जीएसटीत नोंदणीकृत असेल तर तुमचा १८ टक्के कर त्याला इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळतो. ‘जीएसटीसकट राउंड फिगर करा’ या घासाघिशीत अजिबात अडकू नका. त्यात त्याची बचत शून्य आणि तुमचं नुकसान पूर्ण.

नवीन क्लायंट आणायचे तर ठाण्यात टीसा आणि रबाळ्यात टीबीआयए या उद्योजकांच्या संघटना आहेत. तिथे ईआरपीचा डेमो देऊ नका, ऐकून ऐकून लोक कंटाळलेत. ‘जॉबवर्कची चलनं आणि आयटीसी-०४’ यावर एक तास बोला, सोबत रिकामी एक्सेल शीट वाटा. सीएंनाही भेटा, पण कमिशन देऊ करू नका, त्यांच्या आचारसंहितेत ते बसत नाही. त्यांना प्रत्येक क्लायंटचं फक्त बघण्यापुरतं लॉगिन द्या, जीएसटीआर-१ चा (विक्रीच्या जीएसटी विवरणाचा) डेटा तयार मिळेल असं. त्यांचे दहा फोन वाचले की ते आपणहून नाव सुचवतात. आणि क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कधी काय बदललं याची नोंद, सक्तीची आहे, हेही त्या भेटीत बोला. ऑडिटरला त्याबद्दल रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, त्यामुळे तो मन लावून ऐकतो.

कोलशेतकर

फारच उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. दोन टप्पे, १,२०,००० आणि ४२,०००, असं ठरवतोय. आता अडलंय ते जुन्या नऊ जणांवर. इतकी वर्षं फुकट उत्तरं दिली, आता अचानक पैसे मागितले तर संबंध बिघडतील. त्यातले तीन तर आम्हाला नवीन कामं देणारे आहेत.

सानपाडा७०५

अचानक मागू नका, पण तारीख पक्की ठेवा. १ एप्रिल धरा, पत्र जानेवारीत. त्याआधी एक काम: प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून मागच्या बारा महिन्यांचे प्रश्न काढून एका शीटवर उतरवा. तारीख, कुणी विचारलं, काय होतं, अंदाजे किती वेळ लागला. चाळीस-पन्नास ओळी सहज होतील. पत्रासोबत ही शीट जोडा आणि मालकाला प्रत्यक्ष भेटून द्या, अकाउंटंटच्या हाती नको. बहुतेक मालकांना आपली माणसं तुम्हाला इतकं विचारतात याची कल्पनाच नसते.

पत्रात तीन पर्याय. एक, वार्षिक करार, दोनपैकी कुठलाही टप्पा. दोन, करार नको तर १० तासांचं आगाऊ पॅकेज, तासाला १,८०० ने १८,०००, वर्षभरात वापरायचं. भाव मुद्दाम जास्त, कारण या तासांचं नियोजन तुम्हाला आधी करता येत नाही. तीन, दोन्ही नको तर रीतसर हँडओव्हर, विनामूल्य.

त्या तिघांनाही हेच पत्र द्या. नवीन कामं देतात म्हणून सपोर्ट फुकट ठेवलात तर बाकीच्या सहा जणांना आठवड्याभरात कळेल, वागळेत सगळे एकमेकांना ओळखतात. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल तर पहिल्या वर्षी नवीन कामाच्या बिलातून १० टक्के वळते करा, पण एएमसीचा आकडा तोच ठेवा.

१ एप्रिलनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न आला तर उत्तर एकच: टिकेटची लिंक. फ्रॅपेचं हेल्पडेस्क ओपन सोर्स आहे, तुमच्याच सर्व्हरवर चालेल. पहिले दोन महिने सगळ्यांनी हे पाळायला हवं. एकाने जरी ‘असू दे, दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून उत्तर दिलं तर मोडतं.

ऐरोली_सेक्टर८

तिसऱ्या पर्यायाचा हँडओव्हर खरोखर पूर्ण द्या, अर्धवट ठेवून अडवू नका. इथे प्रत क्लायंटच्या हाती जाते, त्यामुळे जीपीएलप्रमाणे कस्टम अ‍ॅपचा सोर्स द्यायचाच आहे. त्याबरोबर फाइल्ससकट ताजा बॅकअप, साइट कॉन्फिग आणि त्यातली एन्क्रिप्शन की, अ‍ॅपची आणि व्हर्जनची यादी, सर्व्हरचा रूट अ‍ॅक्सेस किंवा नवीन सर्व्हरवर हलवण्यासाठी ३० दिवसांची मुदत, डोमेनचे डीएनएस तपशील, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या एपीआय खात्यांचे पासवर्ड बदलून घेतल्याची नोंद. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं एक पान करा, आणि त्यावर ‘या तारखेनंतर बॅकअपची जबाबदारी क्लायंटची’ ही ओळ ठळक घाला. पुढे सहा महिन्यांनी डिस्क गेली तर पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.